आत्यांचं ‘मग’

“मग?” आत्या म्हणाल्या, आणि मला मिळायची नोकरी मिळायच्या आधीच गेली.

लॅपटॉपच्या पडद्यावरचा मुलगा टिपणं घेता घेता थांबला. अंकुर त्याचं नाव. गुरुग्रामच्या एका कंपनीतून तो माझी मुलाखत घेत होता. वयानं माझ्यापेक्षा चांगला लहान, पण चेहरा पोलीस चौकीतल्या साहेबासारखा केलेला.

“मॅडम, तुमच्या खोलीत दुसरं कुणी आहे का?” त्यानं इंग्रजीत विचारलं.

“नाही,” मी म्हणाले.

“मला आवाज आला.”

“शेजारच्यांचा टीव्ही असेल.”

“कॅमेरा फिरवून सगळी खोली दाखवाल, प्लीज?”

ऑनलाइन मुलाखतीत काही उमेदवार कॅमेऱ्याच्या मागे जाणकार मित्र बसवतात आणि तो हळूच उत्तरं सांगतो, म्हणून हा नियम निघाला होता. मी लॅपटॉप उचलला आणि शक्य तितका हळू फिरवला. फ्रिज दाखवला, देव्हारा दाखवला, खुर्चीवर वाळत टाकलेला टॉवेल दाखवला. शेवटी टेबलाची पलीकडची बाजू उरली. तिथे, माझ्या अगदी समोरच्या खुर्चीत, मांडीवर परात घेऊन माझ्या सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. कॅमेरा आपल्याकडे आलाय हे बघून त्यांनी पदर सावरला आणि मेथीच्या काड्यांसकट दोन्ही हात जोडून अंकुरला नमस्कार केला.

“या कोण?”

“माझ्या सासूबाई.”

“त्या तुम्हाला उत्तरं सांगत होत्या?”

यावर काय बोलायचं? सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, सातवीपर्यंत शिकलेल्या. मोबाइलवर फोन घेता येतो, लावता येत नाही. त्यांनी मला प्रोग्रॅमिंगची उत्तरं सांगितल्याचा आरोप ऐकून एरवी मी पोट धरून हसले असते.

“त्या भाजी निवडतायत,” मी म्हणाले.

“मॅडम, तुम्ही अडला होता. त्या काहीतरी बोलल्या आणि तुम्ही लगेच पुढचं लिहायला लागलात. मी पाहिलं.”

पंचाईत अशी की त्यानं पाहिलेलं शंभर टक्के खरं होतं.

“सॉरी,” असं म्हणून त्यानं मुलाखत बंद केली. पडद्यावर माझंच तोंड उरलं.

“काय म्हनला त्यो?” आत्यांनी मोठ्यानं विचारलं. त्यांचा आवाज हल्ली असाच चढा असायचा.

“तुम्हाला नमस्कार सांगितलाय,” मी म्हणाले.

“गुणाचं पोरगं दिसतंय,” असं म्हणून त्यांनी दुसरी जुडी सोडली.

आमच्या विट्याकडे सासूला आत्या म्हणतात. सासरे गेल्यावर आत्या आमच्याकडे पुण्याला, धायरीच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या आणि थोड्याच दिवसांत माझ्या कंपनीनं सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं. नवरा संग्राम सकाळी चाकणला कारखान्यात जायचा. दिवसभर घरात आम्ही दोघीच. त्यांना जेवणाच्या टेबलाशिवाय दुसरीकडे करमायचं नाही आणि माझं तर ऑफिसच तिथे थाटलेलं.

माझ्या धंद्यात एक जुनी युक्ती आहे. प्रोग्रॅममधली चूक काही केल्या सापडेना, की तो प्रोग्रॅम कुणाला तरी पहिल्यापासून मोठ्यानं समजावून सांगायचा. सांगता सांगता आपल्यालाच कळतं, की अरे, घोटाळा इथे आहे. ऐकणाऱ्याला त्यातलं काही कळलं नाही तरी चालतं. काही लोक तर टेबलावर रबरी बदक ठेवतात आणि त्याला सांगतात. माझ्याकडे बदक नव्हतं, आत्या होत्या.

सुरुवातीला त्या फार प्रश्न विचारायच्या. “ह्यो सर्व्हर कुणाचा कोण?” किंवा “त्यो दुसरा उत्तर का देईना? भांडण झालंय का त्यांचं?” त्यांच्या एकाही प्रश्नाचा माझ्या कामाला कधी कणभर उपयोग झाला नाही. पण मी अडले की त्या “मग?” म्हणायच्या. त्या ‘मग’मध्ये अशी काही खात्री असायची, की पुढे काहीतरी आहेच, आणि ते सांगितल्याशिवाय माझी सुटका नाही. मी पुढचं सांगायला लागायचे आणि गाठ सुटायची. गेली दोनेक वर्षं तर त्यांचे प्रश्नही बंद झाले होते. मेथी नाहीतर लसूण घेऊन समोर बसायचं, माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचं आणि मी थांबले की “मग?” म्हणायचं. मला वाटायचं, आता यांना माझं काम कळायला लागलंय. संग्रामला तसं सांगितलं तर तो म्हणाला, “आईला हवं तेवढंच ऐकू येतं. लहानपणापासून बघतोय.”

घरात अशी घडाघडा बोलणारी मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये मात्र मिठाची गुळणी धरून बसायचे. मीटिंग इंग्रजीत. इंग्रजी मला वाचता येतं, लिहिता येतं, पण दहा माणसं आपल्याकडे बघतायत म्हटलं की शब्द जागेवर सापडत नसत. तोवर दुसरा कुणीतरी माझंच म्हणणं सांगून मोकळा व्हायचा. यशोधन नावाच्या मुलाला मी हाताला धरून काम शिकवलं. तो बोलायला चुरचुरीत. एक दिवस मेल आला की यापुढे यशोधन आमचा टीम लीड. मी त्याचं अभिनंदन केलं, कॅमेरा बंद केला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला.

आमच्याकडे राजीनामा दिला की पुढे तीन महिने तिथंच काम करावं लागतं. आणि नवी कंपनी तर तुमच्यासाठी तीन महिने थांबायला तयार नसते. म्हणून पुष्कळ लोक आधी राजीनामा देऊन टाकतात आणि मग नोकरी शोधतात. बाहेरच्यांना हा वेडेपणा वाटतो. आमच्यात त्याला रीत म्हणतात. मीही रीत पाळली. पण महिने सरत चालले, मुलाखतीमागून मुलाखती झाल्या आणि प्रत्येक ठिकाणाहून तोच निरोप आला: काम उत्तम येतं, पण संवाद कमी पडतो. प्रश्न पुढ्यात आला की मला उत्तर दिसायचं, पण ते म्हणायचे, “विचार करताना बोलत राहा,” आणि माझी दातखिळी बसायची. म्हणूनच अंकुरच्या मुलाखतीला मी आत्यांना समोर बसवलं होतं.

संध्याकाळी संग्रामला सगळं सांगितलं. तो आधी खूप हसला. मेथीसकट नमस्काराचं तर त्यानं मला दोनदा सांगायला लावलं. मग हसू आवरून त्यानं विचारलं,

“आता किती मुलाखती राहिल्यात?”

“एकच. खराडीला. समोरासमोर आहे. शुक्रवारी.”

“आणि तिथे नाही झालं तर?”

मी कुकर लावायला उठले. फ्लॅटचे हप्ते आम्हा दोघांच्या पगारावर चालायचे, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मी ओट्याशी उभी राहून कुकरच्या शिट्ट्यांकडे कान देत होते. शिट्ट्या मोजायचं काम पूर्वी आत्यांचं होतं. डाळीचं दोनदा पिठलं झाल्यावर मी ते माझ्याकडे घेतलं होतं. वय झालं, लक्ष राहत नाही, असं आपलं मी धरून चालले होते.

“माझ्यामुळं गेली व्हय गं नोकरी?” मागून आत्यांचा आवाज आला.

“नाही हो आत्या, तसं काही नाही.”

“कांचन. माझ्यामुळं गेली का?”

मी वळले. “नाही म्हटलं ना.”

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मान हलवली. पण चेहरा पडलेलाच होता. दुसऱ्या दिवसापासून मी कामाला बसले की त्या भाजी घेऊन गॅलरीत जायला लागल्या. मी बोलावलं तरी येईनात.

गुरुवारी दुपारी जठार सरांचा फोन आला. हे माझे मॅनेजर. माणूस वाईट नाही, मोठ्या भावासारखा बोलतो, त्यामुळे त्यांच्याशी भांडताही येत नाही.

“कांचन, कुठं काही जमलं का?”

“बघतेय सर.”

“मी काय म्हणतो, राजीनामा मागे घे. मी एचआरशी बोललोय. सोमवारपर्यंत कळवलंस तर जणू काही झालंच नाही, असं समजू. यशोधनलाही तू हवी आहेस. त्याला खालचं काम सांभाळणारं कुणीतरी लागतंच.”

“सर, मला विचार करायला...”

“कर की. पण एक सांगतो, राग मानू नकोस. तू बोलणाऱ्यातली नाहीस. त्यात वाईट काही नाही. इथं आम्हाला तुझी माहिती आहे, आम्ही सांभाळून घेतो. बाहेर कोण सांभाळून घेणार?”

फोन ठेवला. वाईट याचं वाटलं, की त्यांचं मला पटलं होतं. सोमवारी मागे घेऊन टाकावा, असं मनात नक्की होत चाललं होतं. खराडीला जायचं ते आता नावापुरतं.

शुक्रवारी निघताना आत्या दारापर्यंत आल्या.

“मी येऊ का संगं? आत न्हाय येत. भायेर बाकड्यावर बसते.”

“आत्या, तिथे सासू चालत नाही,” मी त्यांच्याकडे वळून म्हणाले.

“मग बाई काय तरी खाऊन तरी घे,” असं म्हणून त्यांनी माझ्या पर्समध्ये शेंगदाण्याचा लाडू कोंबला.

खराडीच्या ऑफिसात काचेच्या एका खोलीत माझी मुलाखत होती. मला वाटलं होतं, आणखी एखादा अंकुर असेल. आत आल्या त्या पन्नाशीच्या एक बाई. सुती साडी, आखूड कापलेले पांढरे केस, पायात धावायचे बूट. “मी गोमती,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. मूळच्या कोइंबतूरच्या. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

“घरपोच जेवण पाठवणाऱ्या कंपनीचा हा छोटासा प्रोग्रॅम आहे. ग्राहक एकदाच ऑर्डर देतो, पण कधी कधी तेच जेवण दोनदा तयार होऊन येतं. रोज नाही, कधी कधी. असं का होतं ते शोधा. विचार करताना बोलत राहा. मला उत्तरापेक्षा विचार ऐकायचा आहे.”

झालं. मी पडद्याकडे बघत राहिले. प्रोग्रॅम साधाच होता. कुठेतरी घोटाळा आहे हे जाणवत होतं, पण त्याची शेपटी हाती येत नव्हती. मी तोंड उघडलं आणि “सो, द ऑर्डर...” एवढंच बाहेर आलं. पुढचे शब्द गायब. गोमतीबाई वाट बघत होत्या.  समोर सोमवार दिसायला लागला. जठार सर, यशोधन आणि ‘खालचं काम’.

लिहून दाखवू का, असं विचारणार होते. निघून जाऊ का, असंही मनात येऊन गेलं. त्याऐवजी मी जे बोलले ते माझं मलाच नवीन होतं.

“मॅडम, मी मराठीत बोलले तर चालेल?”

त्यांनी भुवया उंचावल्या. “मला मराठी येत नाही. इतकी वर्षं पुण्यात आहे, पण ‘किती’ आणि ‘नको’ यापलीकडे गेले नाही.”

“तुम्हाला कळायची गरज नाही,” मी म्हणाले. हे किती उद्धट वाटलं असेल ते नंतर लक्षात आलं. “म्हणजे, शेवटी मी इंग्रजीत सांगेन. पण आधी मला ते कुणाला तरी सांगायला हवं.”

गोमतीबाईंनी पेन खाली ठेवलं, खुर्ची माझ्याकडे वळवली आणि हनुवटीखाली हात घेतला. “सांगा,” त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या तोंडाकडे बघून आत्यांना सांगायला लागले.

“एक बाई आहे. दमून घरी आलीय, स्वयंपाकाचा कंटाळा आलाय. तिनं फोनवरून दोन पराठे मागवले. फोननं हॉटेलाला निरोप धाडला. हॉटेलानं निरोप वाचला, तवा तापत ठेवला आणि उलटी पावती पाठवली, की बाई, मिळाला तुझा निरोप.”

मी थांबले. घरी इथे ‘मग?’ आलं असतं.  गोमतीबाईंनी हनुवटी जराशी उचलली.

“म्म्?” त्या म्हणाल्या.

“मग ती पावती वाटेतच हरवली. बाई लिफ्टमध्ये शिरली असेल, रेंज गेली असेल, काय असेल ते. फोन बिचारा पावतीची वाट बघतोय. पावती येईना. त्याला वाटलं, आपला निरोप पोचलाच नाही. म्हणून त्यानं तोच निरोप परत धाडला.”

“म्म्?”

“आणि हॉटेलाला काय ठाऊक, हा जुनाच निरोप आहे? त्याला वाटलं, बाईला आणखी दोन पराठे हवेत. म्हणजे...” मी उठूनच उभी राहिले. “म्हणजे इथे कुणीच चुकत नाहीये. फोनही शहाण्यासारखा वागतोय, हॉटेलही. फक्त हा निरोप तोच आहे, हे ओळखायची खूण कुणीच ठेवलेली नाही. बाईनं बटण दाबलं त्याच क्षणी ऑर्डरला खूण चिकटवायची. तीच खूण पुन्हा आली, की हॉटेलानं तवा ठेवायचा नाही, नुसती पावती परत पाठवायची.”

मी खाली बसून ते लिहून काढलं. प्रोग्रॅम चालवून बघितला. पराठे एकदाच आले.

“आता इंग्रजीत,” गोमतीबाई म्हणाल्या.

मी इंग्रजीत सांगितलं. व्याकरण लंगडत होतं, एकदोनदा शब्द शोधावा लागला. पण काय सांगायचं ते आता हातात होतं, त्यामुळे शब्द मागून का होईना, येत होते. त्यांनी आडवेतिडवे प्रश्न विचारले, त्यांचीही उत्तरं दिली. शेवटी त्या मागे टेकल्या.

“मघाशी तुम्ही मला सांगत नव्हता. कुणाला सांगत होता?”

“माझ्या सासूबाईंना.”

त्या मोठ्यानं हसल्या. “माझ्या सासूबाईंना सांगावं लागलं असतं तर मी हा धंदाच सोडला असता.” मग गंभीर होऊन म्हणाल्या, “इथे मीटिंगमध्ये काय करणार?”

“आधी मनात मराठीत सांगेन, मग तुम्हाला इंग्रजीत. दोन मिनिटं जास्त लागतील.”

“दोन मिनिटं आहेत आमच्याकडे,” त्या म्हणाल्या. पुढे निवडीबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. कळवू म्हणाल्या, सगळेच म्हणतात तसं.

खाली उतरून मी फाटकापाशी रिक्षाची वाट बघत उभी राहिले. लाडू काढून खाल्ला. नोकरी मिळेल की नाही, काहीच कळत नव्हतं. पण मी बोलले होते. कुणी सांभाळून घेतलं नव्हतं, मला हवं ते मीच मागून घेतलं होतं. लाडू संपवून मी जठार सरांना फोन लावला.

“सर, राजीनामा मागे घेत नाही.”

“अरे वा, झालं वाटतं काम?”

“अजून नाही.”

“मग कांचन, असा आततायीपणा... सोमवारपर्यंत वेळ आहे ना.”

“सर, तुम्ही म्हणालात मी बोलणाऱ्यातली नाही. ते खरं नाही. मला दोन मिनिटं जास्त लागतात. तिथे इतक्या वर्षांत ती कुणी दिली नाहीत आणि मीही मागितली नाहीत. आता जिथे मिळतील तिथे जाईन.”

 मिठाची गुळणी पहिल्यांदाच त्यांच्या तोंडात होती. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

घरी आले तेव्हा आत्या गॅलरीत लसूण सोलत बसल्या होत्या. मी चप्पल काढल्या काढल्या त्यांच्यासमोर फरशीवर बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी थांबले की “मग?” म्हणत होत्या. बऱ्याच दिवसांनी आम्ही अशा बसलो होतो.

“आणि गंमत म्हणजे आत्या,” मी म्हणाले, “त्या बाईंना मराठीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी हनुवटीखाली हात घेऊन ऐकत बसल्या. मी थांबले की नुसतं म्म् म्हणायच्या.”

हे मी हाताची खूण करून दाखवलं. आत्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या, की मांडीवरच्या ताटातली लसणाची सालपटं फरशीवर उडाली.

“मग त्यात काय येवढं,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “मी तरी काय येगळं करतीय?”

“तुम्हाला तर आता माझं काम कळायला लागलंय ना?”

“कळायचं लांबच ऱ्हायलं. मला ऐकूच कुठं येतंय?”

मला वाटलं, त्या थट्टा करतायत. मीही हसले. पण त्यांचं हसणं थांबलं होतं. त्यांनी ताट बाजूला सरकवलं.

“डावा कान पार गेलाय बघ. उजव्यात कुणीतरी लांब हिरीत बोलल्यागत येतंय. समोर बसून हळू बोललं, की ओठावरनं थोडं कळतंय. तुझं ते कामाचं तर काय सुदीक न्हाय.”

“आणि ‘मग’?” मी विचारलं. माझा आवाज बदललेला मला जाणवला, त्यांना ऐकू गेला नसणार.

“तुझं त्वांड थांबलं, की म्हनते.”

“कधीपासून?”

“दोन-अडीच वर्सं झाली असतील.”

 चढा आवाज, पिठलं झालेली डाळ, बंद पडलेले प्रश्न, प्रत्येक वेळी समोरचीच खुर्ची. सगळं एकेक करून जागेवर येऊन बसलं.

“अहो, मग सांगितलं का नाहीत? डॉक्टर आहेत, मशीन मिळतं.”

आत्यांनी हातातली पाकळी सोलून ताटात टाकली.

“सांगितलं असतं, तर तू बोलायची थांबली असतीस,” त्या म्हणाल्या. “भैऱ्याला कोण कशाला काय सांगंल? पोरगं सकाळी जातंय, दमून येतंय. टीव्हीतलं बी कळंना. दिसभरात माझ्याकडं त्वांड करून बोलणारं एकलं तूच हायेस. म्हटलं, चालतंय तवर चालू दे.”

 मी तिथेच त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. त्यांच्या लसणाच्या हातांनी त्या माझे केस मागे सारत राहिल्या. इतके दिवस माझा एकही निरोप पलीकडे पोचत नव्हता आणि पावती मात्र न चुकता येत होती. म्हणजे इतक्या चुका मी शोधल्या, त्या माझ्या मीच शोधल्या होत्या. फक्त एकटीनं नाही.

पुढच्या आठवड्यात खराडीहून फोन आला. मला निवडलं होतं. मी आधी आत्यांकडे गेले, त्यांच्यासमोर उभी राहिले आणि हळू, ओठ नीट हलवून म्हणाले, “लागली.” त्यांनी देवापुढे साखर ठेवली आणि गॅलरीतून समोरच्या बिल्डिंगमधल्या चार बायकांना मोठ्या आवाजात बातमी दिली. संग्रामनं सुट्टी काढून त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं.  ‘हवं तेवढंच ऐकू येतं’ हे वाक्य पुन्हा कधी त्याच्या तोंडून ऐकलं नाही.

मशीन आलं. आत्यांना पहिल्यांदा ऐकू आला तो पंख्याचा आवाज, आणि त्यांनी तो लगेच बंद करायला लावला. मग कुकरच्या शिट्ट्यांचं खातं त्यांनी माझ्याकडून परत घेतलं.

नव्या नोकरीतला पहिला अवघड घोटाळा पुढ्यात आला त्या दिवशी मी घरूनच काम करत होते. मी त्यांना हाक मारली. पाठमोऱ्या होत्या तरी पहिल्याच हाकेला वळल्या. मेथी घेऊन समोरच्या खुर्चीत येऊन बसल्या. मी सांगायला सुरुवात केली.

“थांब जरा. क्यू म्हंजे काय?”

मी सांगितलं.

“आनि ते रांगेत का उभं ऱ्हातंय? घाई असंल तर पुढं जाऊ दे की त्याला.”

मी तेही सांगितलं. मग त्यांना माझ्या आवाजावरून वाटलं, की मला सर्दी होणार. मग खाली भाजीवाला ओरडला, त्याच्याकडे कोथिंबीर काय भावानं आहे ते ऐकू आलं. मी कुठे होते तेच मला आठवेना. मी डोक्याला हात लावला.

“हे असलं बोलत हुतीस व्हय इतकी वर्सं?” आत्या म्हणाल्या. “लई कंटाळवानं हाय गं.”

त्यांनी माझ्या तोंडाकडे थोडा वेळ बघितलं. मग कानामागे हात नेऊन मशीन काढलं, पदरानं पुसलं, डबीत ठेवून डबी बंद केली. परात मांडीवर सारखी केली.

“हं,” त्या म्हणाल्या, “आता सांग.”